‘चेकमेट’ : राजा, प्यादे आणि एक चुकलेले उत्तर

प्रथम एक कबुली देतो. मी जवळजवळ तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. एकदा प्रथम वर्षाच्या वर्गात इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे घेऊन बसलो होतो. या वर्तमानपत्रांना राजकारणाची बातमी देताना बुद्धिबळातला एक शब्द फार प्रिय असतो. एका पुढाऱ्याने दुसऱ्याला खिंडीत गाठले, एका पक्षाने दुसऱ्याचे आमदार पळवले, की मथळा तयार : ‘चेकमेट’. मी शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ सांगितला : प्रतिपक्षाला पूर्ण नामोहरम करणे. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. आमच्याच वस्तीतला, अंगावर थोरल्या भावाचा सदरा. म्हणाला, ‘‘सर, मेट म्हणजे मित्र ना? क्लासमेट, रूममेट. मग दुश्मनाला हरवताना मित्र कशाला म्हणायचं?’’

वर्ग हसला. मीही हसलो. आणि उत्तर ठाऊक नसल्यामुळे एक ठोकून दिले. म्हणालो, राजाचे सगळे सोबती संपले, आता तो एकटा उरला, असा त्याचा अर्थ. मुलाने ते वहीत लिहून घेतले. पुढे दुसऱ्या वर्षी तो कॉलेजात दिसेनासा झाला.

ते उत्तर साफ खोटे होते. ज्या पोराला शब्दाच्या आत शिरून पाहावेसे वाटले, त्याला मी दारातूनच परत पाठवले. शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुकांत ही चूक लहान धरली जाते. मला ती लहान वाटत नाही. ज्यांच्या हजार पिढ्यांना अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांच्यापैकी एकाने शब्दाचा उगम विचारला आणि शिकलेल्या माणसाने त्याला थाप मारली. ही कुणाची रीत आहे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

तर आता खरे उत्तर.

‘चेकमेट’ हा शब्द इंग्रजांचा नाही, आणि त्यातला ‘मेट’ मित्र नाही. हे दोन फारसी शब्द आहेत : ‘शाह’ आणि ‘मात’. शाह म्हणजे राजा. ‘मात’ म्हणजे काय, यावर विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. त्यामुळे कित्येक शतके युरोपात असे सांगितले गेले की चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’. आजही अनेक पुस्तकांत तसे छापलेले सापडेल. पण फारसीत ‘मात’ याचा अर्थ गोंधळलेला, हतबुद्ध, ज्याला काही सुचत नाही असा. आजही फारसी बोलणारा माणूस थक्क झाला की ‘मात’ होतो. तेव्हा ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला, त्याचे काही चालेना. खेळाचा नियमही हेच सांगतो. बुद्धिबळात राजाला कधीच मारत नाहीत. प्यादी मरतात, घोडे मरतात, हत्ती-उंट पटावरून उचलून बाजूला ठेवतात. राजाला मात्र कोणी उचलत नाही. त्याला जायला घर उरले नाही, की त्याच्या मरणाच्या एक चाल आधी खेळ थांबतो. पुढच्या डावात तो पुन्हा आपल्या जागी उभा.

शेक्सपिअरला ही छटा ठाऊक होती. ‘मॅकबेथ’ नाटकात राणी झोपेत चालते, रक्ताचे हात धुते. ते पाहून वैद्य जे बोलतो त्यात आपली बुद्धी ‘मेट’ झाली असे सांगतो. तिथे मरणाचा संबंध नाही. बुद्धी बधिर झाली, एवढाच अर्थ. जर्मन भाषेत ‘माट’ म्हणजे थकलेला, गळून गेलेला, तोही याच खेळातून आलेला. रशियन लोकांनी तर सबंध खेळालाच ‘शाखमाती’ हे नाव दिले.

आता गंमत पाहा. मी त्या मुलाला जो शब्द इंग्रजी म्हणून शिकवत होतो, तो त्याच्या आजाच्या तोंडी होता. शह देणे, शहाला काटशह, मात करणे, मात खाणे. फारसीचा अंमल दख्खनवर शतकानुशतके होता. शह आणि मात त्या वाटेने सरळ आपल्याकडे आले आणि मराठी होऊन बसले. इंग्रजीला मात्र हा शब्द फार लांबच्या वळणाने मिळाला : इराणातून अरबांकडे, अरबांकडून स्पेन-इटलीकडे, तिथून फ्रेंचांकडे, आणि नॉर्मनांच्या मागोमाग इंग्लंडात. या प्रवासात ‘शाह’चा ‘एशेक’ झाला, मग ‘चेक’. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला इंग्रजी जड जाते म्हणून आम्ही हळहळतो, आणि त्याच्या घरातलाच शब्द परक्या पोशाखात आला की आम्हालाच ओळखू येत नाही. (संतवाङ्मयात आणखी एक ‘मात’ येते. तिचा अर्थ गोष्ट, वार्ता. कानडीतही ‘मातु’ म्हणजे बोलणे. तिचा या हरण्याशी संबंध नाही.)

हा खेळ मूळचा आपल्या उपखंडातला, हे बहुतेकांनी ऐकलेले असते, आणि बहुधा अभिमानाच्या सुरात. पण या पटाची एक जुनी आठवण बौद्ध वाङ्मयात आहे ती फारशी कोणी सांगत नाही. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, काही श्रमण-ब्राह्मण लोकांनी दिलेल्या अन्नावर जगून वेळ कसा दवडतात याची लांबलचक यादी आहे. त्यात ‘अट्ठपद’ आणि ‘दसपद’ हे खेळ येतात : आठ घरांच्या आणि दहा घरांच्या ओळींचे पट. तथागत अशा खेळांपासून दूर राहतात, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा बुद्धिबळ अजून जन्मले नव्हते, पण त्याचा आठ बाय आठचा पट आधीपासून होता. पुढे सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त अष्टापद आणि चतुरंग हे शब्द शेजारी शेजारी येतात. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडा, रथ आणि पदाति. पदाति म्हणजे पायी चालणारा.

फिर्दौसीने ‘शाहनाम्या’त या खेळाच्या जन्माची एक कथा दिली आहे. इतिहास म्हणून तिची किंमत शून्य, पण ‘मात’ या शब्दावर तिच्याइतके चांगले भाष्य मी वाचलेले नाही. हिंदुस्थानातल्या एका राणीचे दोन मुलगे, गव आणि तलहंद, गादीसाठी लढतात. तलहंद चहूकडून वेढला जातो आणि हत्तीवर बसल्या जागी मरतो. अंगावर जखम नाही. आई थोरल्या मुलाला म्हणते, तूच भावाला मारलेस. तो म्हणतो, मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. मग शहाणे लोक जमतात, पट आखतात, मोहरे मांडतात आणि आईला दाखवतात की हात न लावता राजा कसा संपतो : वाटा बंद करून.

ही कथा वाचली तेव्हा मला राजपुत्र आठवला नाही. आमची वस्ती आठवली. हात न लावता माणसाला संपवण्याची कला ज्या समाजाने नियमशास्त्र म्हणून लिहून ठेवली, त्याला ‘मात’ शब्दाचा अर्थ इराणकडून शिकावा लागला नसता. पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळा बंद, रस्ता बंद. गावाने बहिष्कार घातला की दळण बंद, मजुरी बंद, किराणा बंद. कुणी अंगाला बोट लावलेले नसते. कोर्टात कुणावर काही शाबीत होत नाही. फरक एवढाच की पटावर अशी वेळ राजावर येते, आणि गावात ती नेहमी प्याद्यावर आलेली असते.

‘चेक’चा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. राजावर हल्ला झाला की ‘शह’ म्हणून मोठ्याने सांगायचे असा जुना रिवाज. राजाला सूचना मिळते. प्याद्याला मारताना त्याला आधी कोणी सांगत नाही. या ‘चेक’चा अर्थ मग रोखणे, लगाम घालणे असा झाला, त्यातून तपासणे, पडताळणे आला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचे हिशेब एका मोठ्या मेजावर होत. लांबी १० फूट, रुंदी ५ फूट, वर चौकडीचे काळे कापड. चौकड्यांत सोंगट्या सरकवून रक्कम मोजायची. त्या मेजाला बुद्धिबळाच्या पटावरून नाव पडले ‘एक्सचेकर’. आजही इंग्लंडच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आहे. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की पटावर जसे दोन राजे लढतात, तसे या मेजावर खजिनदार आणि शेरीफ लढतात. शेरीफ म्हणजे परगण्याचा वसुली अधिकारी, आपल्याकडचा मामलेदार म्हणा. एकाने मागायचे, दुसऱ्याने हिशेब द्यायचा. ज्याच्या खळ्यातून तो पैसा आला, तो शेतकरी मेजावर नव्हता. तो चौकडीतल्या सोंगटीत होता.

बँकेचा ‘चेक’, चौकडीच्या शर्टाचे ‘चेक्स’, आणि ‘चेस’ हे खेळाचे नाव, सगळे त्या एका शाहचे वारस. पण त्या वंशात मला जवळचा वाटतो तो लगाम घालणारा ‘चेक’. लोकशाहीत सत्तेवर ‘चेक’ हवा असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत पटावरचीच भाषा बोलतो : राजाला शह हवा. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची तरतूद म्हणजे घटनेचा आत्मा आणि हृदय असल्याचे सांगितले. तीच आजचे अनुच्छेद ३२. साध्या नागरिकाच्या एका अर्जाने राज्यसंस्थेला थांबून उत्तर द्यावे लागते. हा शह आहे, मात नव्हे. शह दिल्यावर राजा बाजूच्या घरात सरकू शकतो, मध्ये वजीर आणू शकतो, शह देणाऱ्यालाच मारू शकतो. निकाल लागला म्हणून गुलाल उधळून घरी गेलेल्या आपल्या किती आंदोलनांना हा फरक महागात पडला, ते कार्यकर्त्यांनी आठवून पाहावे.

आता प्याद्याकडे येतो, कारण या लेखाचे खरे कारण ते आहे.

माझा बा एका सरकारी कचेरीत शिपाई होता. कागदोपत्री हुद्दा ‘प्यून’. हा शब्द कुठून आला, हे मला एम. ए. झाल्यावरही माहीत नव्हते. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’ म्हणतात. त्याचे रूप ‘पेद’. त्यातून मध्ययुगात पायदळातल्या शिपायाला ‘पेदो’ म्हणू लागले. त्याचा फ्रेंचांत ‘पाऊन’ झाला आणि इंग्रजी बुद्धिबळात ‘पॉन’, म्हणजे प्यादे. पोर्तुगीजांत त्याचाच ‘पियांव’ झाला, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला आणि साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसला : ‘प्यून’. संस्कृतातला पाद आणि पदाति, फारसीतला ‘पियादा’, आपले प्यादे, हे सगळे लॅटिन ‘पेद’चे सख्खे भाऊ, एकाच आदिम मुळाचे. मराठीतला ‘पाईक’ही पायाचाच. म्हणजे ‘पॉन’, ‘प्यून’, प्यादे, पाईक : भाषा कोणतीही घ्या, जो खाली उभा राहून चालतो, झिजतो, मरतो, त्याला त्याचे स्वतःचे नाव नाही. त्याला शरीराच्या खालच्या अवयवाचे नाव. हे आपल्याला नवे नाही. पुरुषसूक्ताने पायापासून शूद्र काढला. त्या शरीरात अतिशूद्राला पायाचीही जागा ठेवली नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द आहे ‘पायोनियर’. आज त्याचा अर्थ आद्य प्रवर्तक, नव्या वाटेचा पहिला पांथस्थ. सत्काराच्या भाषणांत तो हमखास येतो. मूळ अर्थ असा : सैन्याच्या पुढे जाऊन खंदक खणणारा, झाडे तोडणारा, रस्ता करणारा पायी शिपाई. इंग्रजांच्या हिंदी फौजेत अशा पलटणी होत्या. २३, ३२ आणि ३४ क्रमांकाच्या शीख पायोनियर पलटणींत भरती होती ती मुख्यतः मजहबी शिखांची, म्हणजे ज्यांना शीख होऊनही गावाने भंगीच मानले त्यांची. १८५७ साली त्यांची पहिली तुकडी उभी राहिली, आणि १९३० नंतरच्या काटकसरीत पायोनियर पलटणी मोडल्या गेल्या. आपल्याकडे महारांची भरती त्याआधीच, १८९० नंतर, बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि त्याच वर्षी मजहबी-रामदासियांची शीख लाइट इन्फंट्री. प्याद्यांची आठवण कधी होते, हे पाहायला दोन्ही तारखा एकत्र ठेवाव्यात.

अमेरिकेत हाच ‘पिऑन’ शब्द कर्जापायी राबवल्या जाणाऱ्या वेठबिगाऱ्याचे नाव झाला. तिथल्या काँग्रेसने १८६७ साली या पद्धतीवर कायद्याने बंदी घातली, तरी दक्षिणेतल्या काळ्या मजुरांच्या गळ्यातला कर्जाचा फास विसाव्या शतकातही सुटला नव्हता. आपला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. काळ्या पँथरांचे नाव १९७२ साली मुंबईत घेतले गेले तेव्हा दोन समाजांची व्यथा एक आहे असे आपण म्हटले. दोघांना मिळालेली नावेही एकाच धातूची होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे.

पण प्यादे शेवटच्या घरात पोचले की वर चढते ना? हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा आपल्या शिकलेल्या मित्रांकडून. बुद्धिबळात कष्टाला फळ आहे, पहा, प्याद्याचा वजीर होतो! इथे नियम नीट पाहिले पाहिजेत. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या अनेक प्रकारांत प्यादे ज्या घरात पोचेल, त्या घराचेच मोहरे होत असे. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. निवड प्याद्याची नव्हे, खेळणाऱ्याचीही नव्हे, घराची. युरोपच्या आजच्या नियमात हवे ते मोहरे घेता येते. दोन्हींत राजा मात्र होता येत नाही. ज्या समाजाने जन्माच्या घरावरून माणसाचा धंदा ठरवला, त्याने खेळातही बढती घरावरूनच दिली, असे मी ठामपणे म्हणणार नाही. नियमांची कारणे अशी सरळ नसतात. पण हा नियम वाचताना मी थोडा वेळ थांबलो, एवढे खरे.

आणि चढलेल्या प्याद्याचे स्वागत कसे होते? अकबराच्या दरबारातल्या रहीमचा एक दोहा उत्तरेत शाळेत शिकवतात. हलका माणूस वर चढला की फार मिरवतो, प्याद्याचा फर्जी झाला की वाकडावाकडा चालू लागतो, असा त्याचा आशय. फर्जी म्हणजे त्या काळचा वजीर. आता त्या काळचा नियम असा की फर्जीला फक्त तिरके एक घर चालता येई. म्हणजे ज्या चालीबद्दल प्याद्याला हिणवले, ती चाल नियमानेच त्याच्यावर लादलेली होती. जन्माने फर्जी असलेलाही तसाच तिरका चाले. त्याला कोणी दोहा लावला नाही. राखीव जागेवर लागलेल्या आपल्या पोराने खुर्चीत बसून इतरांसारखीच सही केली की कचेरीत जी कुजबुज होते, तिचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना. रहीम मोठा कवी होता, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे.

पटाबाहेर एक माणूस होऊन गेला, मीर सुलतान खान. पंजाबातला. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाने तो १९२९ साली लंडनला गेला. तो आपल्याकडच्या पद्धतीने खेळत वाढलेला. जिथे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते. युरोपचे नियम त्याने नव्याने शिकून घेतले. आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुन्हा १९३२ आणि १९३३ साली जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला मात दिली. १९३३ साली स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपदही त्याच घरातल्या फातिमा नावाच्या मुलीने जिंकले. मग सर उमर परतले, तसे हे दोघेही परतले. त्या उंचीचा खेळ त्याला पुन्हा मिळाला नाही. तो १९६६ साली पाकिस्तानात वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. तो घरगडी होता असे युरोपीय पुस्तके लिहितात. त्याच्या घरच्या लोकांना ते मान्य नाही. मला त्या वादात पडायचे नाही. तो दलित नव्हता, आणि त्याला ओढून आपल्यात आणायचीही गरज नाही. मी एवढेच पाहतो, की जगातल्या पहिल्या दहांत बसेल असा खेळाडू कधी खेळायचे आणि कधी थांबायचे हे स्वतः ठरवू शकत नव्हता. त्याला हलवणारा हात पटाबाहेर होता.

बाच्या कचेरीत दुपारच्या सुटीत साहेब लोक बुद्धिबळ खेळत. बा चहाचा ट्रे घेऊन उभा राही. पटाला हात लावायची सोय नव्हती. उभ्या उभ्या तो खेळ शिकला. घरी येऊन आमच्यासाठी जमिनीवर कोळशाने चौकडी आखी. बाटल्यांची बुचे प्यादी, चिंचोके घोडे, आणि राजा म्हणून एक मोडके बटण. एका संध्याकाळी तो जेवला नाही. आईने विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘आज साहेब हरला. म्या तवाच बघितलं व्हतं, तीन चालीत प्याद्यानं मात व्हती. पर बोलायचं कसं?’’ प्यादेमात! जुन्या खेळाडूंत सर्वांत मानाची मात ती, असे बा सांगे. चाल त्याला दिसली होती, आणि तो ट्रे धरून उभा राहिला.

प्यादेमात इंग्रजी कवितेतही आहे. चॉसरने साधारण १३७० च्या सुमारास एक शोककाव्य लिहिले, ‘द बुक ऑफ द डचेस’. त्यात पत्नीच्या मरणाने खचलेला एक सरदार सांगतो की आपण दैवाशी बुद्धिबळ खेळलो. दैवाने आपला वजीर मारला आणि पटाच्या मध्यावर एका भटक्या प्याद्याने मात दिली. इंग्रजी साहित्यातली ही फार जुनी ‘मात’, आणि ती प्याद्याने केलेली. त्याच चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये विधवा क्रिसेड स्वतःशी बोलताना ठरवते की कोणताही नवरा मला ‘चेकमेट’ म्हणू शकणार नाही. सहाशे वर्षांपूर्वी एक बाई नवरेपणाला बुद्धिबळाच्या भाषेत नकार देते आहे. म्हणजे हा शब्द इंग्रजीत रूढ होत होता तेव्हा त्यात राजकारण्यांची फुशारकी नव्हती. कोंडी झालेल्या माणसाच्या बाजूने तो बोलला जात होता. मथळ्यांनी तो पुढे जिंकणाऱ्याच्या खिशात घातला.

राहिला तो दुसरा ‘मेट’, वर्गातल्या त्या मुलाचा. क्लासमेट, रूममेट यांतला ‘मेट’ फारसी नाही. तो उत्तर युरोपातल्या जर्मन बोलींतून आला आणि त्याचे नाते ‘मीट’ या शब्दाशी आहे. ‘मीट’ म्हणजे आज मांस. जुन्या इंग्रजीत कोणतेही अन्न. तेव्हा ‘मेट’ म्हणजे ज्याच्याबरोबर अन्न वाटून खाल्ले तो. मित्राची व्याख्याच पंगतीतून केलेली. आमच्या देशात मित्राला असे नाव पडले असते, तर कित्येक मैत्र्यांना नावच मिळाले नसते. झुणका-भाकरीची सहभोजने झाली; बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात स्पष्ट लिहिले की एकत्र जेवल्याने जात मेलेली नाही, बेटीव्यवहाराशिवाय आणि शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याशिवाय ती मरणार नाही. ते खरेच आहे. तरीही वसतिगृहात आमच्या ताटाशेजारी ताट ठेवून बसलेली दोन-तीन माणसे मला आठवतात, आणि त्यांना मी आजही ‘मेट’ म्हणेन.

तर त्या विद्यार्थ्याला उत्तर असे. तुझी शंका रास्त होती. दोन ‘मेट’ वेगळे आहेत : एक इराणी, एक जर्मन. एकाचा अर्थ निरुपाय झालेला, दुसऱ्याचा बरोबर जेवणारा. इंग्रजी स्पेलिंगने त्यांना एक केले आणि मी तुला फसवले. वहीत लिहिलेले खोडून टाक. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे इथे लिहिले. हा अंक तालुक्याच्या ग्रंथालयात येतो.